पोरानं आणलेली चावी बँकेला लागतच नाही, मग तिचं करायचं काय?

बेळगावातल्या वडगावहून एका काकांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत म्हणून नाही छापत. साड्यांचं दुकान आहे, दोन बँकांत खाती, एका सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली सहकारी संस्था) पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरायची ठेव, आणि थोड्या एफडी, नेटबँकिंग स्वतःच करतात. पासवर्ड सगळे हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, आणि वही दुकानात राहिली तर पंचाईत नको म्हणून त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये, वर तोच फोटो काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलेला. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला आला, हे बघून त्यानं डोक्याला हात लावला, पासवर्ड मॅनेजर घ्या म्हणाला आणि पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक सिक्युरिटी की हातात देऊन गेला. ती आता देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, मध्ये टेम्पोवाल्यानं गाणी आहेत काय म्हणून मागितली पण. काकांचे प्रश्न असे: सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि तेच फुटलं तर? ही चावी बँकेला जोडायची कशी, कारण बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या पोरीला काय ते कळलंच नाही. मला काय झालं तर हिनं काय करायचं? आणि ता. क. मध्ये पिग्मीवाल्याबद्दल एक प्रश्न आहे, तो शेवटी घेते.

काका, नमस्कार.

काउंटरवरच्या पोरीला काय बोलू नका, तिचं चुकलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक बँकांचं साधं नेटबँकिंग असली चावी घेत नाही, तिथं अजून पासवर्ड आणि मोबाईलवर ओटीपी हाच कारभार आहे. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, त्यात दोन पायऱ्यांची खात्री पाहिजेच पण त्यातली एक एसएमएसचा ओटीपीच असली पाहिजे असं काय नाही, म्हणजे पुढंमागं बँका दुसरे मार्ग देतील. पण आज तुम्ही ती चावी घेऊन बँकेच्या वेबसाइटवर गेलात तर ती लावायला जागाच सापडणार नाही. मग पोरानं उगीच पैसे घातले काय? नाही, ती चावी तुमच्या ईमेलसाठी आहे आणि पासवर्ड मॅनेजरसाठी आहे, आणि ईमेल हे तुम्ही समजता त्यापेक्षा लई मोठं प्रकरण आहे, त्यावर येते.

त्याआधी ती वही. तुमचा मुलगा वहीवर चिडला असेल पण मला वहीपेक्षा त्या फोटोची जास्त भीती वाटते. घरातल्या गोदरेजमध्ये ठेवलेली वही बघायला चोराला तुमच्या घरात यावं लागतं, आणि येणारा चोर सोनं बघतो, वहीचं शेवटचं पान वाचत बसत नाही. फोटोचं तसं नाही. तो गॅलरीत आहे, गुगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर तिथं आहे, काकूंच्या फोनमध्ये आहे, तिथून त्यांच्या बॅकअपमध्ये आहे, आणि फोटो बघायची परवानगी दिलेलं प्रत्येक फुकटचं ॲप, स्क्रीन बदलायला फोन टाकला तो दुकानदार, कार्टून बघायला फोन घेणारा नातू, सगळ्यांच्या हाताला येईल असा आहे. म्हणून आधी तो काढा. गॅलरीतून काढल्यावर ट्रॅशमधून पण काढावा लागतो, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर पण ट्रॅशमध्ये साठ दिवस राहतो. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत कधीच संपली असणार, त्यामुळं काकूंच्या फोनमधून हातानंच काढायचा, चॅटमधून आणि गॅलरीतून दोन्हीकडून. आणि एवढं करून झालं तरी ते पासवर्ड जुने झाले असंच धरा, कुठंकुठं फिरून आलेत सांगता येत नाही, सगळे बदलायचे. कुठला आधी ते पुढं.

आता मॅनेजर. लोकांना वाटतं हे पासवर्ड लक्षात ठेवायचं ॲप आहे, आणि मग तुमच्यासारखी माणसं म्हणतात की माझी वही पण लक्षात ठेवते की. बरोबर आहे. पण मॅनेजर एक काम करतं जे वही करत नाही आणि तुम्ही-मी पण नीट करत नाही, ते म्हणजे वेबसाइटचा पत्ता वाचणं. बघा, तुम्हाला मेसेज येतो, पॅन अपडेट नाही म्हणून खातं आज रात्री बंद होणार, खाली लिंक. दुकानात गिऱ्हाईक बसलंय, साडीची घडी मोडलेली आहे, एका हातानं तुम्ही लिंक उघडता. पान हुबेहूब बँकेचं, तोच लोगो, तोच रंग, खाली ती फसवणुकीपासून सावध राहा अशी सूचना पण जशीच्या तशी. वहीतला पासवर्ड तुम्ही तिथं टाकणार कारण वही काय बोलत नाही. मॅनेजर असेल तर त्या पानावर तो गप्प बसतो, यूजर आयडीच्या चौकोनावर बोट ठेवलं तरी तुमच्या बँकेचं नाव वर येत नाही, कारण त्याच्याकडं जो पत्ता नोंदवलाय तो हा नव्हे, एका अक्षराचा फरक असला तरी त्याच्या दृष्टीनं ती वेगळीच जागा. त्यानं भरून दिलं नाही की तुम्ही थांबायचं. आज ॲप बिघडलंय वाटतं म्हणून हातानं कॉपी करून टाकलं तर मग सगळंच मुसळ केरात.

यात आपल्याकडं एक अडचण आहे ती आधीच सांगते नाहीतर मला शिव्या घालाल. काही बँकांच्या पानावर पासवर्ड आपोआप भरू देत नाहीत, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर दाबायला लावतात. मग तिथं मॅनेजर गप्प आहे तो पान खोटं आहे म्हणून की बँकेनं अडवलंय म्हणून, हे कळायचं कसं? त्याला एकच उपाय, बँकेचं पान कधीच मेसेजवरून किंवा गुगलवर शोधून उघडायचं नाही, मॅनेजरमध्ये त्या बँकेची जी नोंद आहे तिच्यातल्या पत्त्यावर दाबूनच उघडायचं. आणि तो पत्ता नोंदवताना बघून घ्या, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, सहकारी बँका पण त्यात आल्या. पोरानं किंवा तुम्ही आधी कधी जुना डॉट कॉमवाला पत्ता ब्राउझरमध्ये सेव्ह केला असेल तर तो आता खऱ्या पानावर पण भरणार नाही, नोंद नवी करून घ्या.

सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि फुटलं तर, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि असं झालेलं पण आहे. २०२२ साली लास्टपास नावाच्या मोठ्या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून चोरांनी गिऱ्हाइकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या कॉप्याच उचलल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कुणाच्या तिजोरीत कुठल्या वेबसाइट आहेत ते पत्ते उघडेच होते, आणि कॉपी एकदा हातात आली की चोर घरी बसून मास्टर पासवर्डचा, म्हणजे अख्खी तिजोरी उघडणाऱ्या त्या एका पासवर्डचा, अंदाज लावत बसू शकतो, तिथं तीन वेळा चुकलं की लॉक असलं काय नसतं. ज्यांचा मास्टर पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असला होता त्यांची कठीण अवस्था, ज्यांचा लांबलचक होता त्यांना बदलायला वेळ मिळाला. म्हणजे सगळा भार त्या एका मास्टर पासवर्डवर, तो तेवढा नीट करायचा.

तो असा करायचा. पाच शब्द घ्यायचे, एकमेकांशी काय संबंध नसलेले. यासाठी डाइसवेअर म्हणून पद्धत आहे, फासा पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द काढायचा, असं पाच-सहा शब्दांसाठी. ती यादी इंग्रजीत आहे, तुम्हाला ते लक्षात राहणार नसेल तर शब्दकोश घ्या, डोळे झाकून पान उघडा, बोट पडेल तो शब्द. चिमटा, पावशेर, ओसरी, गारगोटी, हातरुमाल, असं काहीतरी निघेल (हाच घेऊ नका, हा आता छापून आला). स्वतःच्या मनानं सुचवाल तर देवाचं नाव, गल्लीचं नाव, कुंदा, महाराज, यातलंच काहीतरी निघणार, आणि ते ओळखायला चोराला बेळगावला यायची पण गरज नाही. एक बारीक गोष्ट मात्र आपल्या लोकांना नडते, मराठी शब्द इंग्रजी अक्षरात टाइप करताना आपण एकदा व्ही लावतो, एकदा डब्ल्यू, एकदा एक ए, एकदा दोन. वांगी हा शब्द चार माणसं चार प्रकारे लिहितील आणि तुम्ही स्वतः पण आज आणि महिन्यानं वेगळा लिहाल. म्हणून ज्यांचं स्पेलिंग तुमच्या हातात पक्कं बसलंय असलेच शब्द ठेवा, बाकीचे टाकून परत बोट ठेवा. मराठी नाहीतर कन्नड कीबोर्डवर टाइप करायच्या भानगडीत पडू नका, उद्या दुसऱ्या कंप्युटरवर तो कीबोर्ड नसेल तर बाहेरच बसाल. कागदावर लिहा, पहिले पंधरा दिवस रोज एकदा हातानं टाइप करा, बोटं लावून उघडायची सोय तोवर बंद ठेवा, मग बसतो हाताला.

कुठलं ॲप? मी बिटवर्डन वापरते, फुकटात चालतं, फोन आणि कंप्युटर दोन्हीवर येतं, तुमची सिक्युरिटी की पण फुकटच्या खात्यात घेतं. कीपास पण चांगलं आहे, त्याची फाइल आपल्याच कंप्युटरवर राहते, पण मग तिच्या कॉप्या संभाळायचं काम पण आपलंच, तुमचा स्वभाव पत्रावरून कळतोय, नका त्यात पडू. फोनमध्ये गुगलचं आपलं आपण पासवर्ड सेव्ह करणारं असतं ते वाईट नाही, वहीच्या फोटोपेक्षा तर शंभर पटीनं बरं, फक्त फोनचा पिन ज्याला माहीत त्याला ते पण उघडतं, आणि तुमच्या फोनचा पिन दुकानातल्या पोराला माहीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. तो पिन आजच बदला.

आत काय ठेवायचं: कस्टमर आयडी, लॉगिनचा पासवर्ड, ट्रान्झॅक्शन किंवा प्रोफाइल पासवर्ड, बँकेनं विचारलेल्या त्या गुप्त प्रश्नांची उत्तरं (आणि ती खोटी द्या हो, आईचं माहेरचं नाव अख्ख्या वडगावला माहीत आहे). खाते नंबर आणि आयएफएससी कुठं पण ठेवा, ते तुमच्या प्रत्येक चेकवर छापलेलं आहे, तेवढ्यावर पैसे कुणी काढू शकत नाही. युपीआयचा पिन, एटीएमचा पिन आणि कार्डाच्या मागचे तीन आकडे मात्र मॅनेजरमध्ये पण नकोत, ते डोक्यात. पिन चार-सहा आकड्यांचा, तेवढा राहतो डोक्यात.

आता तुमची चावी. तिच्यात बँकेचं काय साठवायचं नसतं, पेनड्राइव्ह नव्हे ती, गाणी पण बसत नाहीत. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. तुम्ही ती जीमेलला नोंदवता तेव्हा तिच्या आत एक जोडी तयार होते, त्यातला गुप्त भाग चावीच्या बाहेर कधीच येत नाही आणि उघडा भाग गुगलकडं जातो. पुढं लॉगिन करताना गुगल एक कोडं पाठवतं, चावी त्यावर आतल्या आत सही करून देते, तुम्ही फक्त तिच्या पत्र्याला बोट लावायचं किंवा फोनच्या पाठीला ती टेकवायची, एनएफसी (टेकवून जोडायची सोय) असेल तर. आणि मुख्य गोष्ट अशी की त्या सहीत वेबसाइटचा पत्ता गुंफलेला असतो, खोट्या पानावर तुम्ही फसून बोट लावलं तरी ती सही खऱ्या गुगलला चालत नाही. मॅनेजर गप्प बसतो तिथं तुम्ही त्याच्या डोक्यावरून जाऊन पासवर्ड टाकू शकता, इथं तुमच्या मूर्खपणाला पण जागा नाही. ओटीपीचं तसं नसतं, ओटीपी तुम्ही फोनवर वाचून दाखवू शकता आणि लोक दाखवतात. गुगलनं आपल्या पंच्याऐंशी हजारांवर नोकरांना २०१७ च्या सुरुवातीपासून असल्या चाव्या सक्तीच्या केल्या आणि २०१८ मध्ये सांगितलं की तेव्हापासून कामाचं एकही खातं असं फसवून गेलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल गुगलचं आणि साड्यांच्या दुकानाचं काय, तर चोर तोच आहे.

ईमेल एवढं महत्त्वाचं का? मॅनेजरचं खातं त्या ईमेलवर, बँकेचं स्टेटमेंट तिथं येतं, जीएसटीचं आणि इन्कम टॅक्सचं तिथं येतं, पासवर्ड विसरलात की नव्याची लिंक बहुतेक जागी तिथंच येते. तुमचा जीमेलचा पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३ आहे, तुम्ही मला पत्रात लिहून पाठवलाय काका! असं कुणाला लिहायचं नसतं. तो आधी बदला, बँकेच्या आधी.

पण चावी एकच आहे, ती लगेच लावू नका. मुलाला सांगा दुसरी आण, काही हजार जातील पण एक हरवली तर दुसरी पाहिजेच, असल्या चाव्यांची डुप्लिकेट बनवून मिळत नाही, दोन्ही वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. एक घरी, एक दुसरीकडं, बँकेचा लॉकर असेल तर तिथं. तोवर तुमच्या फोनवरच पासकी बनवा, म्हणजे फोनच चावीचं काम करतो, ते पण याच तत्त्वावर चालतं, पैसे पडत नाहीत. आणि चावी-फोन हाताशी नसताना आत जायला गुगल जे आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं ते छापून किंवा लिहून ठेवा, बिटवर्डनचा रिकव्हरी कोड पण. बिटवर्डनचा मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी काढून देत नाही, तिला तो माहीतच नसतो. चावीला पिन लावाल तर लक्षात राहील असा लावा, लागोपाठ आठ वेळा चुकला की चावी रिसेट करावी लागते आणि तिच्यातल्या सगळ्या नोंदी जातात.

एवढं सगळं करून पण एक दार उघडं राहतं ते सांगायला पाहिजे. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान म्हणून, लग्नाची पत्रिका म्हणून जी एपीके (ॲप बसवायची) फाइल येते ती फोनमध्ये बसवली आणि मागेल त्या परवानग्या दिल्या की ती तुमचे एसएमएस वाचते, स्क्रीन बघते. मग मॅनेजर, चावी काय उपयोगाचं नाही. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, ॲप बसवा म्हणणारी पत्रिका कुठल्या पाव्हण्याची पण असू दे, उघडायची नाही. तसंच बँकेतून बोलतो म्हणून मराठीत बोलू दे, कन्नडमध्ये बोलू दे, स्क्रीन शेअर करा म्हटलं की फोन ठेवायचा. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारच्याला आहे, तर सिमकार्ड दुसऱ्यानं काढलं असेल, लगेच कंपनीत आणि बँकेत. पैसे गेलेच तर १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, त्याच तासात, मग बँकेत लेखी. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात असं सांगितलं होतं की चूक तुमची नाही आणि बँकेची पण नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर नुकसान तुमच्यावर नाही, पण तुम्हीच पासवर्ड वाटला असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान तुमचं. त्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोचा विचार या अंगानं पण करून बघा.

काकूंचं. एक पाकीट करा, त्यात मास्टर पासवर्ड, फोनचा पिन, बॅकअप कोड, कुठल्या बँकेत आणि सोसायटीत काय आहे त्याची यादी, आणि ते गोदरेजच्या आतल्या कप्प्यात. पाकीट आहे हे काकूंना आणि मुलाला दोघांना माहीत पाहिजे, आणि काकूंकडून एकदा समोर बसून उघडून घ्या, नुसतं सांगून भागत नाही. बिटवर्डनमध्ये पैसे भरून आपत्कालीन माणूस नेमायची सोय आहे, त्यानं मागितलं आणि तुम्ही ठरवलेल्या दिवसांत नको म्हणाला नाहीत तर त्याला उघडतं, मुलाला ते करता येईल. पण एक लक्षात ठेवा, माणूस गेल्यावर त्याच्या नेटबँकिंगमधून पैसे काढणं बरोबर नाही, पुढं वारसांत त्यावरून भांडणं लागतात. त्यासाठी नॉमिनी लागतो, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पासवर्ड काकूंना काय कुठं आहे ते कळायला, पैसे मिळायला नॉमिनी. दोन्ही बँकांत जाऊन नाव आहे काय बघून या, सोसायटीत पण.

आता ता. क. पिग्मीवाला रोज संध्याकाळी येतो, पैसे घेतो, कधीकधी सोसायटीच्या ॲपमध्ये नोंद करायला तुमचाच फोन मागून घेतो आणि आलेला ओटीपी स्वतः बघून टाकतो, पोरगा ओळखीचा आहे, चालतं काय? नाही चालत. तो चोर आहे म्हणून नव्हे, त्या मेसेजच्या यादीत त्याला बँकेचा पण ओटीपी दिसतो म्हणून. फोन तुमच्या हातात ठेवा, मेसेज तुम्ही पूर्ण वाचा, कशाचा ओटीपी आहे आणि किती रुपयांचा ते त्यातच लिहिलेलं असतं, पिग्मीचाच असेल तर आकडा तोंडानं सांगा, आणि महिन्यातून एकदा स्वतः सोसायटीत जाऊन पासबुक भरून आणा. ती सोसायटी सौहार्द कायद्याखालची आहे, बँक नव्हे, बँक बुडाली तर ठेवीला जो पाच लाखांपर्यंतचा विमा असतो तो तिथं लागू नाही, त्यामुळं पासबुकावर आकडा बरोबर चढतोय की नाही हे बघायचं काम तुमचंच आहे.